आधी उंदीर पडतात : मुंबईच्या प्लेगचा माग, १९०५–०६

६ एप्रिलच्या सुमारास मुंबईतल्या एका चाळीत उंदीर पडू लागले. एकदोन नव्हे, ढिगाने. मग ते पडायचे अचानक थांबले. ११ तारखेपासून चाळकऱ्यांना पिसवांचा उपद्रव सुरू झाला. पिसवा इतक्या झाल्या की लोकांनी खोल्या सोडल्या आणि व्हरांड्यात अंथरुणे टाकली. १७ तारखेला, व्हरांड्यात झोपत असतानाच, त्यांच्यातल्या एकाला प्लेगची लागण झाली. त्याच दिवशी शेजारच्या खोलीतही एक रोगी निघाला. प्लेगवर काम करणारे कॅप्टन ग्लेन लिस्टन यांनी रहिवाशांना अंगावरच्या पिसवा पकडून द्यायला सांगितले. माणसांच्या अंगावरून धरलेल्या ३० पिसवा तपासल्या, त्यातल्या १४ उंदराच्या निघाल्या.

उंदराची पिसू उंदीर मिळत असताना माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. तिचा उंदीर मेला, त्याचे अंग थंड पडले, की ती उतरते. दुसरा उंदीर सापडला नाही तर जे ऊबदार अंग जवळ असेल त्यावर चढते. लिस्टन यांनी ही हकिकत १९०५ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात छापली. या हकिकतीत मला सगळ्यात मोलाच्या वाटतात त्या तारखा. कधी उंदीर पडले, कधी थांबले, पिसवा कधी सुटल्या, कोणत्या खोलीत कोण आजारी पडले. सूक्ष्मदर्शक नंतर आला. आधी कोणीतरी चाळकऱ्यांशी बोलले आणि त्यांनी सांगितलेला क्रम जसाच्या तसा लिहून घेतला.

पुढच्या दोन वर्षांत हीच रीत एका चाळीवरून सबंध शहरावर लावली गेली. हा प्रकरण अभ्यास त्या कामाचा आहे. साथीचा माग काढताना कसे मोजायचे हे शिकता येते. काय मोजायचे हे ठरवणे फार अवघड असते. मुंबईने नऊ वर्षे माणसे मोजली. उंदीर मोजायला घेतल्यावर माग लागला.

नऊ वर्षे माणसांच्या मागे

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीतल्या रोग्यांचा ताप हा गाठीचा ताप, म्हणजे प्लेग आहे, असे निदान केले. मांडवी म्हणजे गोदीला लागून असलेला भाग, धान्याची गोदामे आणि त्यांच्या वर-मागे खच्चून भरलेली वस्ती. गोदामांत उंदीर मरत होते, हे तेव्हाच लोकांच्या नजरेला आले होते.

सरकारची नजर मात्र माणसावर राहिली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. घरझडत्या, स्टेशनांवर तपासणी, रोग्याला उचलून इस्पितळात, घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत, सामानाला आग, भिंतींना चुना. लोक किती बिथरले होते याची खूण त्याआधीच मिळाली होती: ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला होता. पुण्यात याच पद्धतीचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री रँडच्या खुनात झाला, हे मराठी वाचकाला सांगायला नको.

या जुलमाची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे आणि ती व्हायलाच हवी. पण रोगाचा माग काढणाऱ्याच्या दृष्टीने त्यात आणखी एक नुकसान होते, ते कमी बोलले जाते. भीतीने नोंदी खोट्या झाल्या. रोगी माळ्यावर, मोरीत, नातलगाच्या घरी लपवले गेले. मृत्यू लपवणे त्या मानाने कठीण, कारण प्रेत स्मशानात किंवा कबरस्तानात न्यावेच लागे आणि तिथे नोंद होई. म्हणून मुंबईत मृत्यूचा आकडा रोग्यांच्या आकड्यापेक्षा जास्त भरवशाचा होता. तरी कारणाच्या रकान्यात प्लेगऐवजी साधा ताप किंवा छातीचा विकार लिहवून घेता येत असे. प्लेगच्या महिन्यांत हे ‘इतर’ मृत्यूही नेहमीपेक्षा कितीतरी वाढलेले दिसतात. फुगलेला ‘इतर’चा रकाना ही लपलेल्या साथीची सावली असते, जुनी मृत्यूपत्रके वाचताना मी आधी तिकडे बघतो.

लोकसंख्येचेही तसेच. १९०१ च्या जनगणनेत मुंबईत ७ लाख ७६ हजार माणसे भरली, १८९१ पेक्षा जवळजवळ ४६ हजारांनी कमी. ही गणना मार्चमध्ये, ऐन प्लेगच्या दिवसांत झाली होती आणि अर्धी चाळ कोकणात किंवा घाटावर गावी गेलेली होती. १९०६ मध्ये महापालिकेने स्वतंत्र गणना केली, तेव्हा आकडा ९ लाख ७७ हजारांवर गेला. हजारी मृत्यूदर काढायचा तर भागायचे कशाने, इथपासून प्रश्न होता.

आणि या सगळ्या काळात गावोगाव एक जाणतेपण होते: उंदीर पडले की घर सोडायचे. लोक शेतात, माळावर झोपड्या घालून राहत आणि साथ ओसरल्यावर परतत. मुंबईत ज्याला गाव होते तो गाव गाठी. माझ्या मते ही त्या काळातली सर्वांत जलद धोक्याची सूचना होती. ती घरोघरी, रोज, फुकट मिळत होती. सरकारी नोंदवहीत तिला रकाना नव्हता.

वैज्ञानिक बाजूही काही काळ बंदच राहिली. फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमों यांनी २ जून १८९८ रोजी कराचीत आजारी उंदराकडून निरोगी उंदराला पिसवांमार्फत प्लेग होतो हे प्रयोगाने दाखवले. पण १८९८–९९ च्या भारतीय प्लेग आयोगाने त्यांचा पुरावा विचारात घेण्याजोगाही मानला नाही. जमीन, हवा, घाण, कपडे, अनवाणी पाय यांवरच दोष राहिला. बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट १८९८ मध्ये निघाला तो याच समजुतीवर: दाट वस्ती फोडायची, रुंद रस्ता काढायचा, वारा खेळता करायचा. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड आपल्याला त्यातून मिळाले. पण पाडलेल्या चाळींतली गरीब माणसे शेजारच्या चाळींत कोंबली गेली. तिथे उंदीर होतेच.

परळला येणारे उंदीर

१९०५ मध्ये भारतमंत्री, लंडनची रॉयल सोसायटी आणि लिस्टर इन्स्टिट्यूट यांनी मिळून सल्लागार समिती नेमली आणि प्रत्यक्ष कामासाठी एक आयोग मुंबईत बसला. मेजर जॉर्ज लँब त्याचे प्रमुख होते. लिस्टन, पेट्री, रोलंड ही नावे पुस्तकांत येतात. त्याच अहवालांवर पै, मानकर, रामचंद्रियर, अवारी अशी आपल्याकडची आडनावेही आहेत, ती क्वचितच कुठे पुन्हा लिहिली जातात. मुक्काम परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात, जिथे प्लेगची लस तयार करणारे हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ पासून होती आणि जिला १९२५ मध्ये त्यांचे नाव मिळाले.

कामाचा गाभा साधा होता. शहरभरातून मेलेले उंदीर उचलायचे, पिंजऱ्यांत जिवंत धरायचे, प्रत्येकाबरोबर तो कुठे सापडला ते टिपायचे आणि परळला आणायचे. तिथे जात ओळखायची, अंगावरच्या पिसवा मोजायच्या, पोट फाडून पाहायचे. एका वर्षात लाखाच्या वर उंदीर तपासले गेले. संख्येने दिपून जायची गरज नाही, तिच्यामागची मजुरी मात्र विसरू नये. घरगल्लीत उतरून कुजलेला उंदीर उचलणारा माणूसच या अभ्यासाचा पहिला संशोधक होता. त्याच्या हातालाच पिसवांचा पहिला धोका होता आणि त्याचे नाव कुठेही नाही.

घरगल्ली हा मुंबईचा खास शब्द. दोन इमारतींच्या पाठी एकमेकींकडे असतात, त्यांच्यामधली अरुंद फट. तिथे मोऱ्यांचे पाणी, खरकटे, सगळे पडते. तपकिरी, अंगाने दांडगा गटारी उंदीर राहायचा तो इथे, गटारांत आणि तबेल्यांत. काळा घरउंदीर राहायचा माणसाच्या डोक्यावर, कौलांत, माळ्यावर, धान्याच्या पोत्यांमागे. मुंबई बंदर असल्याने इथे दोन्ही जाती भरपूर होत्या. आयोगाने पंजाबातल्या धांड आणि कसेल या गावांचाही अभ्यास केला, तिथे घरउंदीरच होता. म्हणून मुंबईचा नकाशा पंजाबच्या खेड्यापेक्षा गुंतागुंतीचा निघाला.

तपासणीत एक गोष्ट अशी कळली की मला अजून तिचे नवल वाटते. उंदराचा प्लेग ओळखायला सूक्ष्मदर्शकापेक्षा तयार डोळा जास्त कामाचा ठरला. कातडीखालची लाली, बारीक ठिपक्यांनी भरलेले यकृत, छातीत साठलेले पाणी आणि गाठ. गाठ बहुतेक उंदरांच्या मानेत असायची. माणसाची बहुधा जांघेत. पिसू उंदराच्या मानेवर बसते, तिथे त्याला तिला नीट टिपता येत नाही. माणसाच्या पायावर चढते. जिथे चावा, तिथल्या जवळची गाठ सुजते. रोग अन्नातून येत असता तर गाठ पोटात दिसली असती. म्हणजे मेलेला उंदीर स्वतःच सांगत होता की रोग कातडीतून शिरला.

जाळी, कौल आणि दोन फूट उंची

क्रम कळला म्हणून कारण कळले असे होत नाही. उंदीर आणि माणूस एकाच घाणीने आजारी पडत असतील, हा आक्षेप उरतोच. त्याचे उत्तर आयोगाने सहा खोपटी बांधून दिले, आणि साथरोगशास्त्रात इतका देखणा प्रयोग मी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे.

खोपटी गरिबाच्या घरासारखी, फक्त उंदीर आत येऊ शकणार नाही अशी. दोघांवर साधी देशी कौले, ज्यांत उंदीर मजेत घर करतो. दोघांवर चपटी कौले, ज्यांत तो राहतो पण कमी. दोघांवर पत्रा, ज्यात त्याला जागाच नाही. छपराखाली तारेची जाळी: उंदीर किंवा त्याची लेंडी खाली येऊ नये, पिसू मात्र पडू शकावी. छपरांत उंदीर रुळू दिले. मग खाली निरोगी गिनीपिग आणि प्लेग टोचलेले गिनीपिग एकत्र सोडले. कौलांच्या चारही खोपट्यांत निरोगी प्राण्यांना प्लेग झाला. पत्र्याखालच्या खोपट्यांत आजारी प्राणी निरोग्यांना अंग घासत होते, त्यांच्याशेजारी मरत होते, आणि निरोगी ते निरोगीच राहिले. तिथे पिसवा नव्हत्या.

दुसऱ्या मांडणीत उंची बदलली. पिसवा असलेल्या खोपट्यात एक पिंजरा जमिनीपासून दोन इंचांवर, दुसरा दोन फुटांवर टांगला. दोन इंचांवरच्या प्राण्याला लागण झाली, दोन फुटांवरच्याला नाही. उंदराच्या पिसूची उडी साधारण पाच इंचांच्या पुढे जात नाही. विषारी हवा असती तर ती दोन फुटांवर थांबली नसती.

जमिनीचाही निकाल लागला. शेणाने सारवलेल्या जमिनीवर प्लेगचे जंतू टाकले तर ४८ तासांनंतर लागण होत नव्हती, चुन्याच्या जमिनीवर २४ तासांनंतर. वर्षानुवर्षे ज्या जमिनी खणल्या, जाळल्या, औषधांनी धुतल्या, त्या दोन दिवसांत आपोआप निर्दोष होत होत्या. प्लेगच्या घरांत पकडलेल्या पिसवा फाडून पाहिल्या, तेव्हा माणसाच्या ८५ पिसवांत फक्त एकीत जंतू सापडले, उंदराच्या ७७ पैकी २३ मध्ये.

या प्रयोगांत मेलेल्या मुक्या प्राण्यांबद्दल मला वाईट वाटते, ते लपवत नाही. पण ज्या खोपट्यात गिनीपिग ठेवले, तशाच कौलांखाली तेव्हा माणसे झोपत होती.

दहा दिवस, आणि मग आणखी दहा-बारा

आता पुन्हा तारखांकडे. शहरभरच्या नोंदी आठवड्यावार मांडल्यावर तीन लाटा एकामागून एक दिसल्या. पहिली गटारी उंदरांची. त्यांच्या अंगावर घरउंदरांच्या दुपटीहून जास्त पिसवा असत, म्हणून रोग तिथे आधी पेटे. उन्हाळा-पावसाळ्यात माणसांतली साथ थंडावली तरी तो त्यांच्यात धुगधुगत राही. त्यानंतर साधारण दहा दिवसांनी घरउंदरांची लाट. आणि तिच्या मागून दहा ते चौदा दिवसांनी माणसांचे मृत्यू.

हे अंतर कुठून आले, याचा हिशेब आयोगाने मांडला. यजमान मेल्यावर पिसू सुमारे तीन दिवस उपाशी राहते आणि मग माणसाला चावते. चाव्यापासून ताप येईपर्यंत सुमारे तीन दिवस. तापापासून मृत्यूपर्यंत सरासरी साडेपाच. बेरीज साडेअकरा. सुरुवातीच्या चाळीचा हिशेब यावर ठेवून पाहावा: ६ तारखेला उंदीर पडायला लागले, ११ ला पिसवा, १७ ला ताप. घरउंदीर पडू लागल्यापासून माणसांच्या मृत्यूपर्यंत दहा ते चौदा दिवस, आणि गटारी उंदराकडे लक्ष असेल तर सुमारे तीन आठवडे, एवढा अवधी हातात होता. त्यात खोली रिकामी करता येते, लस टोचता येते, मूल गावी पाठवता येते. स्मशानातल्या नोंदीवरून सुरू होणाऱ्या कारवाईला यातला एक दिवसही मिळत नाही.

यात एक नाजूक गोष्ट आहे. चाळकरी खोल्या सोडून व्हरांड्यात आले, म्हणजे योग्यच वागले, पण दहा पावलेच सरकले. पिसवा अंगावर घेऊनच आले. घर सोडण्याचा जुना शहाणपणा गावात फळला, कारण तिथे माळ होता. गिरणीच्या पाळीला बांधलेल्या माणसाला मुंबईत व्हरांड्याच्या पलीकडे जागा नव्हती.

त्या हंगामाचे आकडे पुढे कुठे गेले

१७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातले मुंबई बेटावरचे आठवड्यावार प्लेगमृत्यू एका वेगळ्याच कारणाने जगभर पोचले. १९२७ मध्ये एडिंबराच्या केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी साथ कशी चढते आणि उतरते याचे गणित मांडले, आणि ते पडताळायला हेच आकडे घेतले. मॅकेंड्रिक भारतात वैद्यकीय सेवेत राहिलेले डॉक्टर होते. त्यांच्या सूत्राची रेघ एप्रिलच्या मध्यावर शिखर गाठते, आठवड्याला सुमारे ८९० मृत्यू. पूर्ण हंगामाची बेरीज ९ हजारांच्या आसपास जाते. करोनाच्या काळात रोज ऐकलेल्या आलेखांचे मूळ या कागदात आहे. रोगी सोडून मृत्यू का घेतले? कारण दर शंभर नोंदल्या रोग्यांत ऐंशी-नव्वद दगावत. मृत्यू मोजले तरी जवळपास रोगी मोजल्यासारखेच होई.

हा कागद मी आदराने वाचतो, आणि त्यात एक उणीव मला खटकते. सूत्रात माणसांची साथ आपल्याच वेगाने चढते नि विझते. प्रत्यक्षात मुंबईची साथ दर वर्षी साधारण त्याच महिन्यांत उतरत असे, कारण उन्हाळा चढला की पिसवा घटतात आणि उष्म्यात, सरासरी ८५ अंश फॅरनहाइटच्या वर, पिसूच्या पोटातले जंतू लवकर नाहीसे होतात. माणसांतला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचे प्रतिबिंब आहे, हे त्या दोघांनाही ठाऊक होते. तरी रेघ इतकी सुंदर जुळली की पुढच्या पिढ्यांनी रेघ लक्षात ठेवली आणि उंदीर विसरले. अलीकडे गणितज्ञ निकोला बाकाएर यांनी ऋतुमान धरल्याशिवाय हे आकडे समजत नाहीत, हे २०१२ मध्ये दाखवून दिले.

पिसू जंतू नेमका कसा सोडते, हे कळायला १९१४ उजाडले. लंडनमध्ये बॅकट आणि मार्टिन यांनी दाखवले की जंतूंच्या वाढीने पिसूची अन्नवाट तुंबते. ती भुकेने पुन्हा पुन्हा चावते आणि तुंबलेले रक्त जखमेत परत ओकते. म्हणजे मुंबईत माग पुरा लागला तेव्हा शेवटचा दुवा माहीत नव्हता, आणि माग काढायला त्याची गरज पडली नाही.

शहराला यातून काय मिळाले? उंदीर मारण्याची मोहीम वाढली, पण उंदीर मारण्याच्या वेगाला पुरून उरतो. खरा उपाय होता उंदराला थारा न देणारे घर आणि बंदिस्त धान्य, आणि त्यासाठी लागणारा पैसा चाळीच्या मालकाकडून वसूल करणे कोणाला सोपे नव्हते. सक्तीच्या झडत्यांचा पाया मात्र निखळला. ज्या शेजाऱ्याला छावणीत डांबले जात होते, त्याच्याकडून गाठीचा प्लेग पसरत नव्हता.

ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावातून आरोग्य खात्याकडे एक तक्रार गेली. भारतात प्लेग जवळजवळ तीन दशके दिसला नव्हता आणि तक्रारही प्लेगची नव्हती. गावात उंदीर पडले होते आणि पिसवा फार झाल्या होत्या. तारीख ५ ऑगस्ट. गाठी आलेले पहिले संशयित रुग्ण नोंदले गेले ते २६ ऑगस्टला.